आधी यशया वाचा, मग मत्तय

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी 'हिब्रू शास्त्रात ख्रिस्ती लोकांना दिसणारा मशीहा' (म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा) हा विषय घेतला, तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीने एकच विचारलं, "पण पास होशील ना?" पास झाले. पण पहिले चार महिने पार फुकट घालवून. हा विषय नव्याने हातात घेणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

मी काय केलं, तर लांब वहीत दोन रकाने आखले. डावीकडे हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातल्या, संदेष्ट्यांचं भाकीत, उजवीकडे नव्या करारातल्या येशूच्या चरित्रात त्याची पूर्ती. मीखा ५:२ मध्ये बेथलेहेम, समोर मत्तय २:६. जखऱ्या ९:९ मध्ये गाढवावर बसून येणारा राजा, समोर मत्तय २१. बरोबरची खूण, पुढची ओळ. अशा चाळीसेक खुणा झाल्यावर वही सरांपुढे ठेवली. त्यांनी चार पानं उलटली आणि होशेय ११:१ वर बोट ठेवलं. "वाच." मिसरातून (इजिप्तमधून) मी माझ्या मुलाला बोलावलं. "काळ कोणता?" भूतकाळ. "मुलगा कोण?" त्याच वचनाच्या पहिल्या अर्ध्या भागात लिहिलेलं होतं आणि मी ते उतरवूनच घेतलं नव्हतं: इस्राएल. मिसरच्या गुलामीतून सुटलेलं अख्खं राष्ट्र. "मग यात भाकीत कुठाय?" वही परत माझ्या हातात.

घरी येऊन मत्तय पुन्हा वाचला. हेरोद राजाच्या भीतीने आईबाप बाळ येशूला घेऊन मिसरात पळतात, तिथे मत्तय हे वचन आणतो. होशेय मागे वळून बोलतोय हे त्याला ठाऊक नसेल असं थोडंच आहे? त्याचं म्हणणं वेगळंच आहे. इस्राएलच्या वाट्याला आलं तेच या मुलाच्या आयुष्यात पुन्हा, पूर्णत्वाने घडतंय. ग्रीकमध्ये याला 'तुपोस' म्हणतात, ठोकल्यावर उमटणारा ठसा. रोमकरांस पत्रात (५:१४) प्रेषित पौल आदामाला ख्रिस्ताचा तुपोस म्हणतो. मराठीत 'पूर्वछाया' बरा पडतो. वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाचं) कोकरू, अरण्यात मोशेने खांबावर टांगलेला पितळी साप, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना ही सगळी याच जातीची उदाहरणं. यातलं एकही भाकीत नाही.

मला हे समजलं ते कीर्तनामुळे. लहानपणी आजीबरोबर बसून ऐकलेलं नारदीय कीर्तन आठवा: पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, तो कळल्यासारखा वाटतो. मग उत्तररंगातलं आख्यान रंगतं आणि शेवटी तोच अभंग परत येतो, तेव्हा त्यातला एकेक शब्द वेगळाच लागतो. पहिले ख्रिस्ती हिब्रू शास्त्र असंच, आख्यान ऐकून झाल्यावर वाचत होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूचरित्राच्या) २४ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना मोशेपासून सगळे संदेष्टे उलगडून सांगतो. म्हणजे घटना आधी, अर्थ मागाहून.

पण उलट टोकालाही जाऊ नका. 'ख्रिस्ती लोकांनी शब्द बदलले' असं नवशिका फार लवकर म्हणून टाकतो. मीही म्हटलं होतं. यशया ७:१४ घ्या. हिब्रूत 'अल्मा' आहे, म्हणजे तरुण स्त्री. प्रसंग आहाज राजाचा: दोन शत्रूराजे यरुशलेमवर चालून आलेत, इ.स.पू. ८ वं शतक. मत्तय मात्र 'पार्थेनोस', कुमारी, असं उद्धृत करतो. हा शब्द त्याने घुसवलेला नाही. ख्रिस्तापूर्वीच यहुदी भाषांतरकारांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तो होता आणि मत्तयाने तिथून घेतला. स्तोत्र २२ मध्ये असाच पेच आहे. हिब्रू पाठात 'सिंहासारखे माझे हातपाय', ग्रीकमध्ये हातपाय भोसकल्याची भाषा. पाठभेद, म्हणजे हस्तलिखितागणिक बदलणारे शब्द, या प्रकाराची सवय नसेल, तर बडोद्यातच सोय आहे. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात काढली. तिचा एखादा खंड उघडून नुसत्या तळटीपा बघा. हस्तलिखितं कशी बोलतात ते एका दुपारी कळतं.

एक किरकोळ पण डोकं खाणारी गोष्ट. हिब्रू आवृत्तीत वचनांचे आकडे कधीकधी सरकलेले असतात. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलं मीखा ५:२ तिथे ५:१ असतं. जुन्या कॅथलिक आवृत्त्यांत २२ वं स्तोत्र २१ वं असतं. मी एक अख्खा रविवार याच्यापायी चुकीचं स्तोत्र वाचत बसले होते.

सगळ्यात जास्त वेळ द्या यशया ५३ ला. दुःख सोसणारा सेवक, कापायला नेलेल्या कोकरासारखा मुका. ख्रिस्ती वाचकाला इथे क्रूस दिसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये रथात बसून हेच वाचणारा कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारी येशूचा अनुयायी फिलिप्प याला विचारतो, संदेष्टा हे कोणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल की दुसऱ्या कुणाबद्दल? यापेक्षा नेमका प्रश्न मला सबंध प्रबंधिकेत सुचला नाही.

दुसऱ्या बाजूचं उत्तर ऐकायला मी अहमदाबादला गेले. तिथे १९३४ चं मागेन अब्राहम सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) आहे, आणि ओळखीतून एका बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातल्या यहुदी समाजातल्या, आजींचं घर मिळालं. मी गुजरातीत सुरुवात केली, त्या कोकणी वळणाच्या मराठीत उत्तरल्या. यशया ५३ चं नाव काढताच म्हणाल्या, "तो सेवक म्हणजे आम्हीच की! मागचे अध्याय वाच, नाव घेऊन सांगितलंय." खरंच आहे: ४१:८, ४४:१, ४९:३.

मग मी मलाखीचा विषय काढला. ख्रिस्ती जुना करार मलाखीच्या पुस्तकावर संपतो, एलीया संदेष्टा परत येईल या वचनावर. पान उलटलं की मत्तय, आणि तिसऱ्या अध्यायात एलीयासारखाच कमरेला चामड्याचा पट्टा बांधलेला बाप्तिस्मा करणारा योहान. यहुदी क्रमात शेवटचं पुस्तक 'इतिहास' नावाचं आहे, तिथे ही जोडणीच होत नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि आतून मलिद्याची थाळी आणली. पोहे, खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे याच एलीयाच्या, नावाने करतात तो.

"त्यांच्याकडे तो योहान होऊन आला म्हणतेस? आमच्याकडे यायचाय अजून. पण मधे एकदा अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला हो. दगडावर खुणा आहेत. घे, खा."