जुन्या पद्मिनीला कंपनीचाच रंग हवाय? मग आधी हे वाचा

फियाट किंवा पद्मिनी रिस्टोअर करणारे बरेचजण इंजिनावर, क्रोमवर, सीटच्या रेक्झिनवर वर्षभर जीव टाकतात आणि रंगाची वेळ आली की पेंटरसमोर शेड कार्ड उघडून "हा बघ, साधारण असाच होता" म्हणून मोकळे होतात. साधारण असाच म्हणजे तो नव्हेच. १९६४ ची फियाट डिलाइट घ्या, नंतरची प्रेसिडेंट घ्या नाहीतर १९७४ पासूनची पद्मिनी घ्या, कुर्ल्याच्या कारखान्यातून ती ज्या रंगात बाहेर पडली तो रंग बहुतेक गाड्यांवर अजूनही कुठेतरी शिल्लक असतो, फक्त तो शोधायला लागतो. आठवणीवर, जुन्या फोटोवर किंवा नेटवरच्या चित्रावर जाऊ नका. फोटोतले रंग फिल्मप्रमाणे बदलतात आणि मोबाइलच्या स्क्रीनवर तर प्रत्येक क्रीम वेगळाच दिसतो. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो तो जरूर बघा, पण तिथे नुसतं "पांढरा" किंवा "निळा" असतं, त्यावरून गाडी मूळची कुठल्या रंगाची एवढंच कळतं, शेड कळत नाही.

शोधायचं कुठे, तर जिथे ऊन आणि पेंटरची स्प्रे गन दोन्ही पोचलं नाही तिथे. दाराच्या आतलं पॅड काढा, दाराचं रबर बीडिंग उचला, टेललॅम्प काढून त्याच्या रबराखाली बघा, डॅशबोर्डच्या खालून टॉर्च मारा, मागच्या सीटखालचा पत्रा, डिकीतलं पुठ्ठ्याचं अस्तर, क्रोम पट्टीच्या क्लिपांमागची जागा, सगळं तपासा. बॉनेट आणि टप म्हणजे सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली जागा, तिथला रंग जुना असला तरी तो नमुना म्हणून धरू नका.

पण मिळालेला रंग कंपनीचाच की मधल्या कुठल्या मालकाने मारलेला, हे ठरवायला खिडकी काढायची, म्हणजे रंग छोट्या जागेत घासून खालचे थर उघडे करायचे. आडोशाच्या जागी ८०० चा वॉटर पेपर पाणी लावून गोल गोल घासा, मग १००० नी कडा हलक्या करा, पत्रा दिसेपर्यंत. थर एकेका कड्यासारखे उघडे पडतात. सगळ्यात आत पत्रा, त्यावर प्रायमर, आणि त्या प्रायमरवर थेट बसलेला जो पातळ रंग दिसतो तो तुमचा. रंगाच्या खाली पुट्टी दिसली तर ती जागा कधीतरी ठोकून दुरुस्त झालेली आहे, दुसरीकडे खिडकी काढा. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी तोच थर तसाच मिळाला तरच विश्वास ठेवा, कारण दार किंवा मडगार्ड दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असू शकतं. पूर्वी टॅक्सी असलेली गाडी असेल तर काळा-पिवळा थर लागणारच, तिथे गोंधळू नका, आधी ठरवा की तुम्हाला ती टॅक्सी म्हणूनच उभी करायची आहे का. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे माझ्या मते खरी टॅक्सी काळी-पिवळीच ठेवावी. आणि घासताना एक लक्षात ठेवा, जुन्या पिवळ्या, नारंगी रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, मास्क लावा.

आता पांढऱ्या, क्रीम आणि आयव्हरी गाड्यांची गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. जुना सिंथेटिक इनॅमल उन्हात फिका आणि खडूसारखा होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोच रंग वर्षानुवर्षं अंधारात राहिला तर पिवळा पडतो. म्हणजे दाराच्या पॅडमागे सापडलेला "क्रीम" मुळात चक्क पांढरा असू शकतो! म्हणून फियाटचा जो सुटा भाग काढता येईल तो, समजा ग्लव्ह बॉक्सचं झाकण, थोडे दिवस खिडकीपाशी उजेडात ठेवा, थेट कडक उन्हात नाही, आणि रोज बघत राहा. पिवळेपणा कमी होत होत एका जागी थांबला की तो नमुना. इतर रंगांना हे फारसं लागत नाही, त्यांना वॅक्स-तेल पुसून हलकं रबिंग कंपाउंड मारलं की खरा रंग वर येतो. लाल मात्र उन्हात फार लवकर उडतो, तिथे फक्त झाकलेलीच जागा धरा.

तो सुटा भाग घेऊन रंग मिक्स करणाऱ्या दुकानात जा, जिथे स्पेक्ट्रो मशीन, म्हणजे नमुन्याचा रंग मोजणारं यंत्र, आहे तिथे. मशीन सर्वात जवळचा फॉर्म्युला काढून देतं, पण त्याला सपाट, स्वच्छ, चकाकी असलेली जागा लागते आणि तरीही शेवटचा पाव भाग माणसाच्या डोळ्यानेच होतो. डब्यातला ओला रंग बघून हो म्हणू नका, बरेचसे साधे रंग सुकल्यावर थोडे गडद होतात. पत्र्याच्या तुकड्यावर गाडीला लावणार तोच प्रायमर, तेवढेच कोट, गननेच मारायचे, बोटाने किंवा ब्रशने नाही. तुकड्यावर आधी काळी-पांढरी पट्टी चिकटवा आणि ती पूर्ण झाकली जाईपर्यंत कोट मारा, नाहीतर खालचा रंग वर डोकावतो आणि तुम्ही चुकीच्या शेडला पास करता. सुकल्यावर नमुन्याला कड लावून ठेवा आणि दुपारच्या आधी, मोकळ्या सावलीत बघा, आजूबाजूला लाल भिंत किंवा भडक शर्ट नको. मग तेच दोन्ही ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली बघा. दिवसा तंतोतंत जुळतं आणि रात्री पेट्रोल पंपावर वेगळंच दिसतं, असं होतं कारण जुन्या रंगातली पिगमेंट आणि आजची पिगमेंट वेगळी असतात, अशा वेळी दुकानदाराला वेगळे टिंटर (शेड बनवायला मिसळायचे मूळ रंग) वापरून फॉर्म्युला पुन्हा बांधायला सांगा, लाजू नका. दुरुस्ती करताना आधी उजळ-गडद ठीक करा, मग कुठल्या रंगाकडे झुकतोय ते, एका वेळी एकच टिंटर, काट्यावर मोजून आणि लिहून. आयव्हरीत पिवळेपणा हवा असेल तर भडक पिवळ्यापेक्षा यलो ऑक्साइड घ्या, रंग जुना आणि शांत दिसतो.

शेड जुळली म्हणजे झालं असं नाही, चकाकीही जुळायला हवी. साधा सॉलिड रंग असेल तर आजचा टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलीयुरेथेन रंग) सिंगल स्टेजमध्ये मारा, म्हणजे वरून क्लिअर कोटचा पारदर्शक थर नको, क्लिअरने खोल काचेसारखी चमक येते आणि गाडी नवीन दिसते पण सत्तरच्या दशकातली दिसत नाही. कंपनीच्या रंगालाही थोडी संत्र्याच्या सालीसारखी लहर असायची, ती २००० च्या पेपरने पूर्ण सपाट करायच्या मागे लागू नका. कोणी पेंटर जुन्या सिंथेटिकवर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर रंग) मारू म्हणाला तर नाही म्हणा, त्याच्या कडक थिनरने खालचा थर सुरकुततो. आणि टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, गन मारणाऱ्याला साधा कापडी मास्क पुरत नाही, हवा पुरवणारा मास्क मिळाला तर सगळ्यात बरं, हे पेंटरच्या तब्येतीसाठी आपणच आग्रहाने सांगायचं.

कोकणात किंवा मुंबईत असाल तर हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत एनसीवर पांढरट झाक येते आणि पीयूत बुडबुडे येतात, दिवाळीनंतरची कोरडी हवा बेस्ट. पूर्ण गाडीचा रंग एकाच वेळी एकाच डब्यात मिक्स करून घ्या, कमी पडला तर दुसरा डबा शंभर टक्के तसाच येत नाही, आणि उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून फॉर्म्युल्याच्या कागदासकट जपून ठेवा, टचअप लागतोच.