जुनी डिझेल गाडी घेण्याआधी सर्व्हिसचे कागद कसे तपासावेत

‘फुल सर्व्हिस हिस्ट्री आहे’ हे वाक्य विकायला काढलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीबरोबर ऐकू येतं. प्रत्यक्षात कधी बिलांची जाड फाइल हातात पडते, तर कधी चार शिक्के मारलेलं एक पुस्तक. डिझेलच्या बाबतीत हा फरक महागात जातो. आजच्या डिझेल इंजिनात १,६०० ते २,००० बार दाबाने इंधन फवारणारे इंजेक्टर असतात, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असतो, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो, धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. आणि यातल्या प्रत्येकाचं आयुष्य ऑइल आणि डिझेल किती स्वच्छ राहिलं यावर ठरतं. हेळसांड झाली तरी गाडी वर्ष-दोन वर्षं बिनतक्रार चालते. खर्च निघतो तो पुढच्या मालकाच्या खिशातून.

म्हणून आधी कागद, मग गाडी. बघायला जाण्यापूर्वीच सर्व्हिस बुक आणि बिलांचे फोटो मागवून घ्या. बरीचशी निवड तिथेच होते.

चासी नंबरापासून सुरुवात

चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. नोंदणीचे कागद, पुढच्या काचेखालची पट्टी, दाराच्या खांबावरचं लेबल आणि बॉडीवर ठोकलेला नंबर हे सगळं जुळलं पाहिजे. प्रत्येक बिलावर हाच नंबर किंवा गाडीचा नोंदणी क्रमांक हवा. नंबर नसलेलं बिल कुठल्याही गाडीचं असू शकतं; ते बाजूला ठेवा.

अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलेल्या गाडीची नोंद संगणकावर असते. ती बहुधा मालकालाच मिळते, म्हणून विक्रेत्यालाच छापील प्रत काढून आणायला सांगा. याच नंबरवरून कंपनीने परत बोलावून मोफत दुरुस्त करायचं काही काम बाकी आहे का, तेही विचारा.

सगळ्या नोंदी एका कागदावर मांडा

तारीख, किलोमीटर, काम, बदललेले भाग, वर्कशॉप असे पाच रकाने आखा आणि हाती असलेली प्रत्येक नोंद तारखेनुसार उतरवून काढा. मग दोन नोंदींमधल्या किलोमीटरना मधल्या महिन्यांनी भागा. समजा, मार्च २०१६ मध्ये ४२,०००, मार्च २०१७ मध्ये ६१,००० आणि मार्च २०१८ मध्ये ६४,००० अशा नोंदी आहेत. महिन्याला साधारण १,६०० कि.मी. धावणारी गाडी एकदम २५० वर आली. एक तर मीटर मागे फिरवलंय, नाही तर गाडीचा वापर बदललाय.

बहुतेकांना फक्त पहिल्याची भीती वाटते. डिझेलसाठी दुसरंही तितकंच वाईट. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला तिथलं तापमान साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. त्यासाठी इंजिन ठराविक अंतराने थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं, आणि हे काम पुरं व्हायला सलग १५-२० मिनिटं तरी गाडी पळावी लागते. रोज तीन-चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याच ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फिरत असतं. तेव्हा ‘फारच कमी पळालेली’ डिझेल गाडी बघून हुरळून जाऊ नका. हमरस्त्यावर दीड लाख पळालेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी पुष्कळदा जास्त निरोगी निघते.

ऑइल बदलण्याचा नियम किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते, असा असतो. सहा हजारच पळाली म्हणून दोन वर्षं ऑइल बदललं नाही, हे समर्थन होत नाही.

बिलात काय वाचायचं

‘जनरल सर्व्हिस केली’ एवढंच लिहिलेल्या बिलाला फारशी किंमत नाही. चांगल्या बिलात ऑइलची ग्रेड, लिटर, फिल्टरचे पार्ट नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात.

आधी ऑइल बघा. चार सिलिंडरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत साडेचार ते सहा लिटर ऑइल मावतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मॅन्युअल साडेपाच लिटर म्हणतं आणि बिलात तीन लिटर असेल, तर ते बदललेलं नाही, नुसतं वरून घातलंय. ऑइलबरोबर ऑइल फिल्टर नसेल तरी शंका घ्या. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए या युरोपीय संघटनेचा सी२, सी३ असा वर्ग छापलेला असतो. काजळी जळून जाते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते आणि एक दिवस तो चोंदतो.

डिझेल फिल्टरची बिलं बहुतेक फायलींत कमी भरतात. तो साधारण २०,००० ते ४०,००० कि.मी. दरम्यान बदलायचा असतो, म्हणजे लाखभर पळालेल्या गाडीत निदान दोन-तीन नोंदी हव्यात. उच्च दाबाच्या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण. फिल्टरमध्ये साठलेलं पाणी पुढे गेलं की पंप झिजतो, धातूचा कीस रेलमधून (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामाईक नळी) इंजेक्टरमध्ये शिरतो, आणि मग पंप, रेल, इंजेक्टर असं सगळंच बदलायची वेळ येते.

टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. त्याच्याबाबत तोंडी शब्द मोजू नका. बदलायची मुदत इंजिनानुसार ६०,००० कि.मी.पासून २ लाखांच्याही पुढे असते, शिवाय वर्षांची मर्यादाही असते, बहुधा ५ ते १०. बिलावर बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारी आयडलर पुली हवेत, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोसुद्धा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बिल नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. काही इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीच्या ऑइलने त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाची जाळी बुजवतात. बेल्टऐवजी चेन असेल तर ठरलेली मुदत नसते, पण उशिरा बदललेल्या ऑइलने चेन ताणली जाते आणि थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू येते.

मोठ्या दुरुस्तीचं बिल दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ती का करावी लागली ते शोधा. टर्बो नवा बसवला आणि ऑइलचा पाइप, ऑइल, फिल्टर जुनेच ठेवले असतील, तर दुसराही फार टिकणार नाही. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड इसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो. तशी नोंद आहे का बघा. क्लच प्लेट बदलली असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलचं (क्लचला लागून असलेलं, इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक) काय केलं ते विचारा. कूलंट, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर, ग्लो प्लग यांच्यावरून एक नजर पुरे.

शिक्के खरे आहेत का

चार वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच तिरपेपणात लिहिलेल्या असतील तर पुस्तक एका बैठकीत भरलंय. बरोब्बर १०,०००, २०,०००, ३०,००० असे आकडेही संशयास्पद. खरी गाडी १०,३८० किंवा १९,७४० ला वर्कशॉपमध्ये जाते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छपाईचं साल बारीक अक्षरात असेल तर ते पहिल्या नोंदीच्या नंतरचं असता कामा नये. शेवटी वर्कशॉपला फोन करा. नंबर मात्र शिक्क्यावरचा नको, स्वतः शोधलेला घ्या. तारीख आणि गाडीचा नंबर सांगून त्या दिवशी किती किलोमीटर होते ते त्यांच्याच तोंडून वदवा. आपण आधी आकडा सांगितला तर समोरचा नुसता ‘हो’ म्हणतो.

आता गाडीजवळ

तक्ता सोबत न्या. टायरवर चार अंकी कोड असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. मीटर २५,००० दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर हिशोब विचारा. घासून गुळगुळीत झालेलं क्लच पेडल आणि स्टिअरिंगही बोलकं असतं.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा. ऑइल काळं दिसलं म्हणून ते जुनं ठरत नाही. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच अंतरात काळं पडतं. बघायचं ते वेगळं: पातळी कमाल खुणेच्या वर आहे का, आणि डिझेलचा वास येतो का. दोन्ही असेल तर काजळी जाळायचं काम वारंवार अर्धवट राहिलंय. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा (थंड असताना). चालू डीपीएफच्या गाडीत ते जवळपास कोरडं, स्वच्छ असतं. जाड काळी काजळी लागली, तर डीपीएफ फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय.

इंजिन थंडच हवं. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

त्यानंतर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी असलेला स्कॅनर लावणारा मेकॅनिक गाठा. मीटर मागे फिरवणारे अनेकदा फक्त डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. कित्येक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स किंवा एबीएसच्या युनिटमध्ये जुना आकडा तसाच राहतो. डीपीएफमधली राख किती ग्रॅम, शेवटची काजळी कधी जळाली, प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (संगणकाने त्याच्या फवाऱ्यात केलेली कमी-जास्त) किती, हेही लिहून घ्या. फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसल्यापासूनचं अंतर १५-२० किलोमीटरच दिसलं तर काहीतरी तुम्हाला दाखवायचं नव्हतं. स्कॅन करू द्यायलाच विक्रेता तयार नसेल तर गाडी सोडा.

कागद अपुरे असतील तर

गाडी लगेच बाद होत नाही, फक्त किमतीचं गणित बदलतं. तक्त्यात नोंद नसलेलं प्रत्येक मुदतीचं काम ‘बाकी’ धरा: बेल्ट किट, डिझेल फिल्टर, ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स ऑइल. चासी नंबर देऊन वर्कशॉपकडून त्यांचा लेखी अंदाज घ्या आणि तो आकडा समोर ठेवून बोला. विक्रेता तयार असेल तर सौदा पक्का करण्याआधी डिझेल फिल्टर तुमच्या खर्चाने बदलून घ्या आणि जुना एका स्वच्छ पांढऱ्या भांड्यात उपडा करा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर अजून निभावेल. उजेडात चकाकणारे बारीक कण दिसले, तर पंप झिजू लागलाय. ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.