कॅम्परमागे होडी ओढायची तर आधी मापपट्टी काढा

हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा, विकत घ्यायला शेवटी जायचं. आधी पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर (राहायची खोली) चढवा, पाण्याची टाकी भरा (लिटरमागे किलो धरा), गॅस, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, तांदळाचा डबासुद्धा जागेवर ठेवा आणि गाडी सपाट जमिनीवर उभी करा. आता दोन मापं घ्या: रिसीव्हरपासून (हिच ज्यात बसते ती गाडीखालची चौकोनी नळी) कॅम्परच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर आणि रिसीव्हरची जमिनीपासूनची उंची. रिकाम्या गाडीवर घेतलेली उंची कामाची नाही, वजन आलं की स्प्रिंगचे पाटे बसतात.

तशीच भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. गोव्यात डिचोली-साखळीकडे खनिजाच्या ट्रकांमुळे काटे काही नवलाईचे नाहीत. एकदा अख्खी गाडी, एकदा नुसती मागची चाकं, अशा दोन पावत्या घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. कॅम्परनेच मर्यादा खाल्ली असेल तर हिचचा विचार तिथेच सोडा. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार बॉलवर, म्हणजे हिचच्या टोकाच्या गोळ्यावर येतो. होडीसकट ट्रेलर ६०० किलोचा असेल तर ६० ते ९० किलो, आणि ते गाडीच्याच हिशेबात धरायचे.

खरी गोम एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे हिच मागे लांबवणाऱ्या जोडनळीत आहे. कॅम्परचं शेपूट बंपरच्या मागे लोंबतं, म्हणून बॉल मागे न्यावा लागतो, आणि जितका मागे तितकी तरफ लांब. चाकांमधलं अंतर तीन मीटर धरा. बॉल मागच्या आसापासून १.२ मीटरवर असेल तर १०० किलो भार पुढची चाकं ४० किलोंनी हलकी करतो. तोच बॉल १.८ मीटरवर नेला की ६० किलोंनी, आणि मागच्या आसावर १६० किलो येतात. घाटात स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. म्हणून एक्स्टेन्शन लावलं की हिचची छापील क्षमता विसरा. एक्स्टेन्शन बनवणाऱ्याने दिलेला कमी आकडाच धरा. शेडमध्ये पाइपला पाइप जोडून घेऊ नका. मी घेतला होता. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्याला केसाएवढी चीर दिसली, तीही धुताना, नशिबाने.

बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या वाटीवर) कोरलेला असतो, तोच घ्या. ५० मिलिमीटर आणि दोन इंच हे दिसायला सारखे, पण एक नव्हेत. ट्रेलरच्या साखळ्या कपलरखाली फुलीच्या आकारात अडकवा. दिव्यांची वायर एक्स्टेन्शनइतकी जास्त लांब हवी. आतला आरसा कॅम्परने आंधळा केलेला असतो, म्हणून मागे कॅमेरा लावाच. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, ती आरटीओत करून घ्या.

रायबंदर-चोडण फेरीबोटीने जाणार असाल तर ओहोटीची वेळ टाळा. पाणी उतरलं की धक्क्याचा उतार तिरका होतो आणि लांब शेपटाचा बॉल सिमेंटला घासतो. होडी पाण्यात सोडण्याआधी ट्रेलरची चाकं थंड होऊ द्या. तापलेला हब (चाकाचा मधला भाग) खाऱ्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बॉलला ग्रीस लावा.

पहिली फेरी चोर्ला घाटात नको. सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर जा, थांबा, हिचची पिन बघा आणि दोन्ही हब तापलेत का ते हात लावून बघा.