पॉवर प्रेसवर बोटे कशी वाचवावीत

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारे किंवा आकार देणारे मशिन. पत्र्याचा ब्लँक, म्हणजे कापलेला तुकडा, डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, पायडल दाबायचे, रॅम, म्हणजे वर-खाली होणारा जड भाग, खाली येऊन वर गेला की तयार पीस उचलायचा आणि पुढचा ब्लँक ठेवायचा. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या प्रेस शॉपमध्ये हे चक्र एका शिफ्टमध्ये हजारो वेळा फिरते. प्रत्येक चक्रात ऑपरेटरचा हात पंचाखाली, म्हणजे रॅमला लावलेल्या वरच्या साच्याखाली, जात असेल, तर हाताचा आणि पायाचा मेळ तितक्याच वेळा अचूक जुळावा लागतो. तो एकदा चुकला तरी बोट जाते. अपघातानंतरच्या अहवालात ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहिण्याची पद्धत आहे. हे कारण मला कधीच पटलेले नाही, कारण आठ तास एकाच हालचालीवर कोणाचेही लक्ष टिकत नाही. हाताला पंचाखाली जावे का लागले, हे विचारले तरच उपाय सापडतो, आणि पुढे जे सांगतो आहे ते सगळे याच प्रश्नाच्या अनुषंगाने आहे.

सर्वांत आधी आपला प्रेस कोणत्या क्लचचा, म्हणजे फिरते चाक रॅमला जोडणाऱ्या कोणत्या यंत्रणेचा, आहे हे पाहावे. लहान वर्कशॉपमधले बरेचसे जुने मेकॅनिकल प्रेस की-क्लचचे असतात. अशा प्रेसमध्ये फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असते आणि पायडल दाबले की एक चावी फिरून फ्लायव्हीलला रॅम हलवणाऱ्या क्रँकशाफ्टशी जोडते. एकदा ही चावी अडकली की क्रँकची पूर्ण फेरी होऊन रॅम वर येईपर्यंत तो मध्ये थांबवता येत नाही. पायडलवरून पाय काढला तरी नाही आणि लाल बटण दाबले तरी नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या मशिनवर रॅम वरून खाली यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात चूक लक्षात येऊन हात मागे घेणे माणसाच्या आवाक्यातले नाही. याउलट हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचचा प्रेस, ब्रेक चांगल्या स्थितीत असेल तर, स्ट्रोकच्या मध्येही थांबतो. कोणते संरक्षण उपयोगी पडेल आणि कोणते निव्वळ देखाव्याचे ठरेल, हे या एका फरकावर अवलंबून असते.

की-क्लचच्या मशिनवरची सर्वांत घातक गोष्ट म्हणजे डबल स्ट्रोक, म्हणजे पायडल न दाबता रॅम पुन्हा खाली येणे. एका लहान वर्कशॉपमध्ये एका तरुण ऑपरेटरची दोन बोटे गेल्यानंतर मी ते मशिन उघडून घेतले होते. क्लचची चावी हातात घेतली तेव्हा तिची धारदार असायला हवी ती कड नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली होती, आणि चावी मागे ओढणारी स्प्रिंग तुटल्यामुळे तिच्या जागी बाइंडिंग वायर पिळून बांधलेली होती. मशिन अधूनमधून ‘डबल मारते’ असे त्या मुलाने आदल्या आठवड्यात दोनदा सांगितले होते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, डबल स्ट्रोकची पहिली तक्रार येताच मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि क्लचची चावी, स्प्रिंग व ब्रेकचे लायनिंग तपासल्याशिवाय ते मशिन चालवू नये, मग माल पाठवायची कितीही घाई असो. चावी आणि स्प्रिंग ठरावीक मुदतीने बदलावी आणि बदलल्याची तारीख मशिनच्या वहीत लिहावी. एका बोटापुढे या सुट्या भागांची किंमत काहीच नाही.

की-क्लचच्या प्रेसला खरा आधार आहे तो पक्क्या गार्डचा. डायभोवती जाळी किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटची पेटी बसवून पत्र्याची पट्टी आत सरकण्यापुरतीच फट ठेवावी. फट जितकी रुंद, तितकी ती पंचापासून दूर हवी. ६ मिलिमीटरपर्यंतच्या फटीतून बोटाचे टोकच जेमतेम शिरते, तरीही ती धोक्याच्या जागेपासून किमान १० मिलिमीटर अंतरावर असावी. गार्ड नटबोल्टने असा बसवावा की तो काढायला पाना लागेल. यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम आडोसा हवा, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ सांगत होते. गार्ड काढून उत्पादन वाढवण्याची मुभा मालकाला नसते. जिथे काम परवानगी देते तिथे स्ट्रोकच ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवावा, म्हणजे पंच आणि डाय यांच्यामध्ये बोट जाण्याइतकी जागाच उरत नाही.

फ्रिक्शन क्लचच्या मशिनला लाइट कर्टन, म्हणजे किरणांचा पडदा, लावता येतो; हात आडवा आला की मशिन थांबते. हाच पडदा की-क्लचच्या प्रेसला लावलेला मी पाहिला आहे. दिवा लाल होतो आणि रॅम खाली येतच राहतो, म्हणजे ऑपरेटरला खोटा धीर तेवढा मिळतो. पडदा योग्य मशिनवर असला तरी तो किती अंतरावर आहे हे मोजावे लागते. जवळच्या अंतरात हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. मशिन पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून निदान ४० सेंटिमीटर लांब हवा, आणि किरणांमधल्या अंतरानुसार त्यात आणखी भर घालावी लागते. ब्रेक झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून हे माप एकदा घेऊन विसरण्याचे नाही.

दोन हातांच्या बटणांचाही हाच हिशेब आहे. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच स्ट्रोक मिळावा, प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावीच लागावीत, आणि ती डायपासून पुरेशी दूर असावीत. एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली दिसली तर त्या कामगाराला रागावण्याआधी त्याचे टार्गेट पाहावे. नगावर मजुरी असेल, तर त्याने हातापेक्षा नग निवडावा अशी व्यवस्था आपणच केलेली असते. मशिनवर दोन माणसे असतील तर दोघांनाही स्वतंत्र बटणजोडी द्यावी. पायडल असेल तर त्यावर लोखंडी टोपी हवी, नाहीतर वरून पडलेला पीसही स्ट्रोक घडवतो.

पीस अडकला की माणसाचा हात आपोआप आत जातो, म्हणून हाताऐवजी आत जाणारे साधन प्रत्येक मशिनला साखळीने बांधलेले असावे: लांब चिमटा, चुंबकाची दांडी किंवा व्हॅक्यूमची पकड. चिमटा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा घ्यावा, म्हणजे तो चुकून पंचाखाली आला तरी डायला इजा होत नाही आणि तो वापरायला सेटरची, म्हणजे डाय बसवणाऱ्याची, हरकत राहत नाही. ब्लँक आत घसरत जाईल अशी पन्हळ आणि पीस हवेच्या झोताने बाहेर पडेल अशी सोय केली, तर चिमट्याचीही गरज क्वचितच पडते.

डाय बदलताना धोका वेगळा असतो, कारण तेव्हा गार्ड निघालेले असतात. मेन स्विच बंद करून सेटरने त्याला स्वतःचे कुलूप लावावे आणि त्याची किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी. वीज बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच रॅम खाली येऊ नये म्हणून त्याच्याखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे भक्कम ठोकळा, लावावा. सेटिंगसाठी मशिन हाताने फिरवले असेल, तर चालू करण्यापूर्वी फिरवायची दांडी काढली का हे सेटरने स्वतः पाहावे.

हातमोज्यांविषयी मोठा गैरसमज आहे. कडांना बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, असलेला पत्रा उचलताना कापण्याला रोधक असे मोजे हवेतच, पण पंचाखाली कोणताही मोजा बोट वाचवत नाही. ड्रिल मशिन आणि लेथवर तर मोजा घालूच नये, कारण फिरत्या भागात धागा अडकला की मोजा आपल्याबरोबर हातही ओढून नेतो. अंगठी, कडे, मनगटावरचा गंडा आणि रक्षाबंधनानंतर महिनाभर राहणारी राखी यांचेही तसेच आहे. राखी तोडायला सांगणे जिवावर येते, म्हणून ती काढून ठेवायला प्रत्येकाला एक लहान डबी द्यावी. चिप्स, म्हणजे धातूचा कीस, ब्रशने किंवा आकड्याने काढाव्यात, आणि ड्रिल करताना जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, हाताने न धरता वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरावा.

इतके करूनही अपघात झाला, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि हात वर ठेवावा. हळद किंवा चहापावडर भरू नये. तुटलेला भाग शोधून ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि ते जोडता येत नाही. निघण्याआधी फोन करून सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारा सर्जन असलेल्या रुग्णालयातच न्यावे. जवळच्या दवाखान्यात आधी टाके घालून घेण्यात मोलाचे तास जातात. ग्रीसगन किंवा हायड्रॉलिक होजमधून तेलाचा झोत बोटात शिरला असेल तर सुईने टोचल्याएवढेच छिद्र दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, तरीही त्याच तासात रुग्णालय गाठावे, कारण आत पसरलेल्या तेलाने बोट सडू शकते.

ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, नोंदणी कामावर रुजू होतानाच झालेली हवी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमावण्याच्या क्षमतेची हानी ३० टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के धरलेली होती, आणि भरपाईचा हक्क मिळवताना जखमी माणसाला कागदांसाठी फिरावे लागू नये. दरम्यान ज्या मशिनवर हे घडले त्याचे कुलूप पुढच्या शिफ्टसाठी उघडू नये. क्लचची चावी, स्प्रिंग, ब्रेक आणि गार्ड तपासून सापडलेले कारण त्या मशिनवर काम करणाऱ्या सगळ्यांना उभे करून दाखवावे आणि मगच ते कुलूप काढावे.