ईव्ही की पेट्रोल? हिशेब मांडताना या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही यावर लोक तावातावाने वाद घालतात आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा खरंच सांगत असतात. ज्याच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे आणि रोजची साठ-सत्तर किलोमीटरची ये-जा आहे, त्याला ती परवडते. ज्याची गाडी आठवडाभर झाकलेली असते आणि चार्जिंगसाठी फास्ट चार्जरशिवाय सोय नाही, त्याला परवडत नाही. गाडी एकच, हिशेब दोन. निकाल लावतात ते दोन आकडे: वर्षाला किती किलोमीटर, आणि वीज कुठून घेणार. खालच्या बहुतेक चुका याच दोन आकड्यांना बगल दिल्याने होतात.

नुसती गाडीची किंमत बघणे

पेट्रोल गाडी स्वस्त दिसते म्हणून ती घ्यायची किंवा ईव्ही ‘किलोमीटरला जवळपास फुकट’ पळते म्हणून ती घ्यायची, दोन्ही घाईचे निर्णय. किमतीतला फरक पैशांऐवजी पेट्रोलच्या लिटरांत मोजून बघा. चलन कुठलंही असो, भाव वर-खाली होवो, ही पद्धत चालते.

समजा, ईव्ही आणि तशाच पेट्रोल गाडीच्या किमतीत ४,००० लिटर पेट्रोलइतका फरक आहे. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, म्हणजे १०० किलोमीटरला सव्वासहा लिटर. ईव्हीला त्याच १०० किलोमीटरसाठी भिंतीतल्या प्लगमधून साधारण १८ युनिट वीज लागते (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास).

आता विजेचा भाव. एका युनिटचा दर लिटरच्या दराच्या एक दशांश असेल, तर ईव्हीचे १०० किलोमीटर १.८ लिटरच्या पैशांत होतात. शंभर किलोमीटरमागे जवळपास साडेचार लिटर वाचले. ४,००० लिटर भरून निघायला ९० हजार किलोमीटर लागतील. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला सहा वर्षं, सहा हजार फिरणाऱ्याला पंधरा वर्षं. पंधरा वर्षांनी भरून निघणाऱ्या पैशाला बचत म्हणायचं असेल तर म्हणा.

युनिटचा दर लिटरच्या एक पंचमांश झाला की तेच अंतर दीड लाख किलोमीटरवर जातं. आणि एक तृतीयांश झाला की शंभर किलोमीटरमागे पाव लिटर वाचतं, म्हणजे काहीच नाही.

यातून एक सोपा आडाखा निघतो. लिटरचा भाव भागिले युनिटचा भाव करा. उत्तर तीनच्या आसपास असेल तर इंधनावर बचत शून्य. दहा किंवा त्याहून जास्त असेल तर ईव्हीचं पारडं जड. मधे असाल तर तुमचे वार्षिक किलोमीटर ठरवतील. घरी चार्जर बसवण्याचा, वायरिंग वाढवण्याचा खर्च फरकाच्या रकमेत मिळवायला विसरू नका, आणि गाडी कर्जावर घेणार असाल तर जास्तीच्या रकमेवरचं व्याजही.

चुकीच्या पेट्रोल गाडीशी तुलना

विक्रेता तुलनेसाठी नेहमी सर्वांत जास्त पेट्रोल पिणारी गाडी काढतो. तुम्ही मात्र ईव्ही घेतली नसती तर जी गाडी घेतली असती, तिच्याशीच तुलना करा. ती जर लिटरला २५ किलोमीटर देणारी हायब्रीड (पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरी-मोटरची जोड असलेली गाडी) असेल, तर वरचा ‘तीन’चा आडाखा साडेचारवर जातो. बरीच गणितं इथेच उलटतात आणि माझ्या मते ईव्हीचा खरा स्पर्धक हायब्रीडच आहे.

उलट बाजूही आहे. हातातली जुनी पेट्रोल गाडी नीट चालत असेल आणि वापर कमी असेल, तर ती विकून नवी ईव्ही घेणं पैशांच्या दृष्टीने क्वचितच जमतं. चालू गाडीची घसाऱ्याची, म्हणजे किंमत घटण्याची, झळ आधीच बसून गेलेली असते.

डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे बिल, असं समजणे

गाडी स्क्रीनवर दाखवते तो खप बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचा. बिल येतं ते भिंतीतून घेतलेल्या विजेचं. मधे चार्जरमध्ये, वायरमध्ये आणि बॅटरीत साधारण दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. स्क्रीन १६ म्हणत असेल तर मीटर १८ म्हणेल. वरच्या उदाहरणात १८ धरले ते म्हणूनच.

साध्या सॉकेटवर हळूहळू चार्ज करणाऱ्यांचं नुकसान थोडं अधिक होतं. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले कॉम्प्युटर आणि पंप जागे असतात. दोन किलोवॅटवर दहा तास लागले तर ते दहा तास वीज खातात, सात किलोवॅटवर तीनच तास.

जाहिरातीतल्या रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराबद्दल, तर बोलायलाच नको. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. हवामानाचाही हात असतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या चाचण्यांत उणे ७ अंशाला हीटर चालू ठेवल्यावर रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली आणि ३५ अंशाला एसी लावल्यावर १७ टक्क्यांनी. रेंज घटली म्हणजे किलोमीटरचा खर्च वाढला, हे लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण सगळं लक्ष ‘पोहोचू का’ याकडे असतं.

एवढं असूनही ईव्ही स्वस्त का पडते? एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ८.९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली ढोबळमानाने पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं, उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. ईव्ही मीटरमधून घेतलेल्या विजेचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून अधिक चाकांना देते, शिवाय ब्रेक लावताना थोडी परतही मिळवते. तिची बचत येते ती या फरकातून, सरकारी कृपेतून नव्हे.

फास्ट चार्जरवर संसार मांडणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि बहुतेकांना ती गाडी घेतल्यावर कळते. फास्ट चार्जरच्या दरात नुसती वीज नसते. महागडं यंत्र, जागेचं भाडं, मोठ्या जोडणीचा मासिक आकार आणि चालकाचा नफा, सगळं त्यात असतं. काही ठिकाणी करही वेगळा. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आहे, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. दर घरच्या दुप्पट-तिप्पट झाला की लिटर आणि युनिटच्या भावाचं वरचं गुणोत्तर दहावरून चारवर यायला वेळ लागत नाही.

घरी किंवा कामाच्या ठिकाणी प्लग नसेल तर मी तरी आधी प्लगची सोय बघेन, मग गाडीची. वर्षातून चार-सहा लांबच्या प्रवासांना फास्ट चार्जर लागला तर त्याने हिशेब बिघडत नाही, तो रोजचा झाला की बिघडतो. आणि जिथे मिनिटांवर आकारणी होते तिथे ८० टक्क्यांनंतर थांबून राहू नका. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो, पैसे मात्र त्याच दराने पडतात.

गरजेपेक्षा मोठी बॅटरी

रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर आणि गाडी ५०० किलोमीटर रेंजची, अशी खरेदी भीतीपोटी होते. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. स्वस्त झाली खरी, पण २० किलोवॅट-तास जास्तीची बॅटरी म्हणजे नुसत्या पॅकचेच २,३०० डॉलर, त्यावर कंपनीचा नफा आणि कर वेगळे. शिवाय शंभर-सव्वाशे किलो वजन रोज विनाकारण वाहायचं. वर्षातल्या दोन मोठ्या सहलींसाठी गाडी भाड्याने घेणं यापेक्षा स्वस्त पडतं. ज्यांचं लांबचं जाणं नेहमीचं आहे त्यांची गोष्ट निराळी.

‘मेंटेनन्स शून्य’ या वाक्यावर विसंबणे

शून्य नाही, कमी. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच, सायलेन्सर हे सगळं जातं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२० मध्ये काढलेला देखभाल-दुरुस्तीचा आकडा पेट्रोल गाडीसाठी मैलाला ६.१ सेंट आणि ईव्हीसाठी ३.१ सेंट होता. म्हणजे निम्मा.

पण टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि पहिल्याच क्षणी मिळणारा पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर). केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, सस्पेन्शन राहतंच. ब्रेकचा वापर इतका कमी होतो की डिस्कला गंज चढतो. म्हणून अधूनमधून मुद्दाम जोरात ब्रेक लावावे, अर्थात मागे कोणी नसताना. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक ईव्हींतही असते. ती बसली की भरलेल्या मोठ्या बॅटरीसकट गाडी ठप्प.

विम्याचा हप्ता आधी विचारून घ्या. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च जास्त येत असल्याने अनेक ठिकाणी तो पेट्रोल गाडीपेक्षा चढा असतो. देखभालीत वाचलेले पैसे तिथे जातात.

बॅटरीची भीती आणि पुनर्विक्रीबद्दल बेफिकिरी

लोक नेमके उलट वागतात. ‘आठ वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल’ या धास्तीने खरेदी टाळतात. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही बहुतेक कंपन्यांची वॉरंटी असते, आणि त्या मुदतीत क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर कंपनी बघते. त्या दिवशी बॅटरी मरत नाही. रोज ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करणं आणि गाडी भर उन्हात पूर्ण भरून न ठेवणं एवढं पुष्कळ झालं. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची बॅटरी असेल तर मात्र अधूनमधून १०० टक्के भरा असं बऱ्याच कंपन्या सांगतात. तुमच्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते वाचा.

ज्याची काळजी करायला हवी ती पुनर्विक्री. हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा गाजावाजात केली. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांचे भाव सपाट्याने उतरवले, त्याबरोबर जुन्यांचेही कोसळले. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने सुमारे २० हजार ईव्ही, म्हणजे आपल्या ईव्ही-ताफ्यातल्या एक तृतीयांश, विकायला काढल्या. इंधनात वाचलेलं घसाऱ्यात गेलं.

नव्या गाडीच्या मालकाला जे नुकसान, तोच जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा फायदा. दोन-तीन वर्षं वापरलेली, बॅटरी-आरोग्याचा अहवाल असलेली, वॉरंटी शिल्लक असलेली ईव्ही हा मला आजचा सर्वांत शहाणपणाचा सौदा वाटतो. नवी घ्यायचीच असेल तर तिसऱ्या वर्षी विकायचा बेत मनात ठेवून घेऊ नका.

सवलत कायमची धरणे

जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये ईव्ही अनुदान अक्षरशः एका दिवसाच्या सूचनेने बंद केलं. पुढच्या वर्षी तिथली ईव्ही विक्री २७ टक्क्यांनी घसरली. अमेरिकेतली ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून ईव्हीला रस्ता-कर लागू झाला, न्यूझीलंडमध्ये एप्रिल २०२४ पासून अंतरानुसार आकार. पेट्रोलवरचा कर आटला की सरकार तो दुसरीकडून वसूल करणार, हे उघड आहे. म्हणून हिशेब दोनदा करा, सवलतीसह आणि सवलतीविना. दुसऱ्यात तोटा अगदी थोडा येत असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही. हिशेब नुसत्या सवलतीच्या टेकूवर उभा असेल तर नको.

गाडी घेतली, पण बचत दिसत नाही?

आधी घरच्या मीटरवर चार्जिंगचे युनिट वेगळे काढा. चार्जरच्या ॲपमध्ये ते सहसा मिळतात. त्याला महिन्याच्या किलोमीटरने भागा आणि शंभरने गुणा. शंभर किलोमीटरला १८-२० युनिटच्या खूप वर आकडा असेल तर गळती शोधा. उभी असताना कॅमेरे चालू ठेवणारी सुरक्षा-सोय २०० वॅट खात असेल तर दिवसाला जवळपास ५ युनिट जातात, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरची वीज. ॲप उघडून दर तासाला गाडीला जागं करण्याची सवयही तसलीच. टायरमधली हवा बघा. थंडीत केबिन गरम करायची ती गाडी प्लगला असतानाच करा.

युनिट योग्य पण बिल जास्त असेल तर दर तपासा. कित्येक वीज कंपन्यांचा रात्रीचा दर कमी असतो आणि तो मागितल्याशिवाय लागू होत नाही. वापराच्या टप्प्यांनुसार दर वाढत असेल तर गाडीचे सगळे युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात. तिथे ईव्हीसाठी वेगळं मीटर मिळतं का ते विचारा.

दोन्ही ठीक आणि तरीही पैसे जात असतील तर महिन्यातलं किती चार्जिंग बाहेर झालं ते बघा. अर्ध्याहून जास्त असेल तर कामाच्या ठिकाणी साधा स्लो चार्जर बसवून घेता येतो का, चार्जिंग कंपनीची सभासद-योजना स्वस्त पडते का, हे बघा. तेही जमणार नसेल आणि वर्षाचे किलोमीटरही कमी असतील, तर वॉरंटीची निम्मी वर्षं शिल्लक असतानाच गाडी विकायला काढा.