केबलसुद्धा अँटेनाच असते : युरोपातल्या संयुक्त संशोधनात या चुका टाळा

युरोपातल्या संयुक्त प्रकल्पात अँटेनाचं डिझाइन एका देशात होतं, बोर्ड दुसऱ्या देशात तयार होतो आणि मोजणी तिसऱ्याच देशातल्या चेंबरमध्ये, म्हणजे बाहेरच्या लहरींपासून बंद केलेल्या खोलीत. त्यामुळे इथे केलेली चूक इथे सापडत नाही. चार महिन्यांनी कुणाच्या तरी भलत्याच आलेखात ती डोकं वर काढते आणि तोवर ती नेमकी कुणाची, हेही सांगता येत नाही. अँटेना आणि ईएमसी (उपकरणांनी एकमेकांच्या कामात विद्युतचुंबकीय अडथळा आणू नये यासाठीचं शास्त्र) यांच्या सीमेवर मी बरीच वर्षं काम करतेय. मारी क्युरी या युरोपीय संशोधन योजनेतून डॉक्टरेटसाठी येणारी मुलं (आपली मराठी मुलंही भेटतात) हुशार असतात, सिम्युलेशन सुरेख करतात. पण मोजणीला बसली की तेच तेच घोळ घालतात. मला त्याचा आता खरोखर कंटाळा आलाय, म्हणून लिहितेय.

केबल हिशेबात न धरणं

एका प्रकल्पात ८६८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या सेन्सरसाठी आम्ही छोटा अँटेना केला होता. बोर्ड ४० बाय २५ मिलिमीटरचा. या वारंवारितेला तरंगलांबी साधारण ३४५ मिलिमीटर, म्हणजे बोर्डाची लांब बाजूसुद्धा तिच्या आठव्या हिश्शाएवढी नाही. आमच्या चेंबरमध्ये कार्यक्षमता (अँटेनाला दिलेल्या ऊर्जेपैकी लहर होऊन बाहेर पडणारा भाग) ६० टक्क्यांच्या आसपास आली आणि सगळे खूश झाले. तोच नमुना भागीदार प्रयोगशाळेकडे गेला, तिथे जेमतेम १८ टक्के. पाच डेसिबलचा फरक. त्यांनी कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आम्हीही केलं. ई-मेलमधला सूर हळूहळू बिघडत गेला.

शेवटी नमुना बॅगेत घालून मी ट्रेनने तिकडे गेले. नेटवर्क ॲनालायझरला, म्हणजे अँटेनाचा प्रतिसाद आलेखात दाखवणाऱ्या यंत्राला, बोर्ड जोडला आणि केबलवरून सावकाश हात फिरवला. हात जसा सरकेल तसा पडद्यावरचा आलेख हलत होता. दुखणं तिथेच कळलं. बोर्डाचं ग्राउंड इतकं लहान, की त्यावरचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या आवरणावर उतरत होता आणि केबलच प्रसारण करत होती. आमच्याकडे केबल दीड मीटर सरळ खाली लोंबत होती, त्यांच्याकडे ती शोषक फोमला चिकटून गेली होती. मोजणी दोघांचीही चोख होती. पण एकाच नमुन्यातून दोन ठिकाणी दोन वेगळे अँटेना तयार झाले होते.

ईएमसीवाल्यांना ही गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते, कारण उपकरणातून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाचा मोठा भाग केबलवरच्या याच कॉमन-मोड प्रवाहातून येतो. सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीच्या ईएमसी मानकांत टेबलावरून लोंबणारी केबल जमिनीच्या ४० सेंटिमीटरपेक्षा जवळ आली, तर ती घड्या घालून वर घ्यायला सांगितलंय, ते याचसाठी. अँटेनावाली मुलं ही मानकं उघडूनही पाहत नाहीत, 'तो आमचा विषय नाही' म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. रिव्हर्बरेशन चेंबर (धातूच्या भिंतींवरून लहरी मुद्दाम उसळू देणारी खोली) हे मुळात ईएमसी चाचणीचं साधन. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात पेर-सिमॉन किल्दाल यांनी ते छोट्या अँटेनांच्या मोजणीसाठी वापरात आणलं. दोन विषयांमधली भिंत त्यांनी मानली असती तर हे घडलं नसतं.

यावर माझी सवय अशी : कुठलाही आकडा नोंदवण्याआधी केबलवरून हात फिरवायचा. आलेख हलला तर मोजणी थांबवायची. केबलवर पाव तरंगलांबीची नळी, म्हणजे स्लीव्ह चोक बसवायचा. ८६८ ला ती साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. तो एकाच पट्ट्यात काम करतो, पण ऊर्जा खात नाही. मुलांना फेराइटचे मणी आवडतात, कारण ते पटकन अडकवता येतात. पण बोर्डाच्या अगदी जवळ लावले तर अँटेनाची ऊर्जा तेच शोषतात आणि कार्यक्षमता खरोखरीपेक्षा कमी दिसते. वेळ असेल तर मी केबल काढूनच टाकते : बोर्डावर बॅटरीवर चालणारा छोटा ऑसिलेटर बसवते आणि तसं मोजते. दोन दिवस जास्त जातात. जाऊ द्यावेत.

संकेत न विचारता डेटा घेणं

संकेत म्हणजे सूत्रं आणि चिन्हं लिहिण्याची प्रत्येकाची रूढी. हे दुसरं दुखणं फक्त संयुक्त कामातच होतं. लहरीच्या सूत्रात अभियंते काळाचं पद ई च्या घातात जे-ओमेगा-टी असं लिहितात, भौतिकशास्त्राकडून आलेली बरीच मंडळी उणे आय-ओमेगा-टी. दोन्ही बरोबर. फक्त दोघांच्या फेजचं, म्हणजे लहर चक्रात कुठे आहे ते सांगणाऱ्या कोनाचं, चिन्ह उलटं असतं.

आम्हाला एका भागीदाराकडून ॲरेच्या (एकत्र चालणाऱ्या अनेक अँटेनांच्या संचाच्या) प्रत्येक घटकाचा पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती प्रसारण होतं त्याचा डेटा आला. आम्ही आमचे वेट (प्रत्येक घटकाचे गुणक) लावून बेरीज केली, तर बीम, म्हणजे मुख्य झोत, २० अंशांऐवजी उणे २० वर. सगळ्यांचं एकमत झालं की कोनांची मांडणी वेगळी असणार. कुणीतरी फाय या आडव्या फिरण्याच्या कोनात १८० अंश मिळवले, बीम जागेवर आला, विषय मिटला. सहा आठवड्यांनंतर मोजणीत उजवं वर्तुळाकार ध्रुवीकरण डावं निघालं. अक्ष फिरवल्याने बीमची बाजू बदलते, ध्रुवीकरण उजव्याचं डावं होत नाही. हे लक्षात आलं तेव्हा कुठे मूळ सापडलं : सगळा डेटा संयुग्म होता, म्हणजे फेजचं चिन्ह उलटलेला. ते १८० अंश म्हणजे जखमेवर लावलेली चिकटपट्टी होती. अशी चिकटपट्टी लावून पुढे जाणाऱ्यांचा मला फार राग येतो.

आता मी कुणाचाही खरा डेटा घेण्याआधी एक चाचणी-फाइल मागते. एक्स-अक्षावर मूळ बिंदूपासून पाव तरंगलांबी पुढे ठेवलेला, झेड-दिशेचा अर्धतरंग डायपोल. तोच मूळ बिंदूवर असतानाच्या तुलनेत धन एक्स दिशेला फेज अधिक ९० अंश दिसली पाहिजे. उणे ९० आली तर समोरच्याचा संकेत दुसरा. पाच मिनिटांचं काम आहे.

२००४ साली युरोपीय संघाच्या सहाव्या चौकट कार्यक्रमात 'अँटेना सेंटर ऑफ एक्सलन्स' हे जाळं सुरू झालं, तेव्हा त्यांनाही हेच सतावत होतं. त्यातूनच ईडीएक्स हे एक्सएमएलवर आधारलेलं डेटा-देवाणघेवाणीचं स्वरूप आलं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातला व्हास्ट-१२ हा १२ गिगाहर्ट्झचा प्रमाण अँटेना त्या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजून पाहिला. ज्याला मोजणीवर विश्वास ठेवायचाय त्याने त्या तुलना नक्की वाचाव्यात. एवढ्या मातब्बर प्रयोगशाळांनीही अक्षांची व्याख्या आधी पक्की केली होती, मग आपण कोण ती गृहीत धरणारे?

बाकीच्या, थोडक्यात

गेन सांगताना डीबीआय (सर्व दिशांना सारखं प्रसारण करणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (डायपोलच्या तुलनेत) ते लिहा, फरक २.१५ डेसिबलचा आहे. क्रॉस-पोलरायझेशन (नको असलेल्या ध्रुवीकरणातलं प्रसारण) लडविगच्या तिसऱ्या व्याख्येनुसार मोजलं असेल तर तसं नमूद करा.

जर्मन आणि फ्रेंच संगणकांवरून येणाऱ्या फायलींत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. वाचणारा प्रोग्राम तक्रार करत नाही, एका आकड्याचे दोन रकाने करतो.

एसएमए कनेक्टर बोटांनी आवळू नका, टॉर्क रेंच वापरा. आणि फिरवायचं नट, केबल नव्हे.

उपकरणाचा गोंगाट मोजताना ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात सिस्परने ठरवलेली मोजणीची बँडविड्थ १२० किलोहर्ट्झ आहे. वेळ वाचवायला ती बदललीत तर आकडा मर्यादेशी ताडता येत नाही.

त्याच चाचणीत अँटेनाची उंची १ ते ४ मीटर बदलत जायची असते. दीड मीटरवर ठेवून मोकळं होणारी मुलं मी दर वर्षी पाहते. जमिनीवरून परावर्तित होणारी लहर आणि थेट येणारी लहर एखाद्या उंचीवर एकमेकींना खोडतात. नेमक्या त्याच उंचीवर तुमचा अँटेना असेल, तर नापास व्हायला हवं ते उपकरण पास दिसतं.

आणि उपकरण बंद ठेवून एक पूर्ण मोजणी आधी घ्या. माझ्या प्रत्येक फोल्डरमध्ये पहिली फाइल हीच असते. एकदा आम्ही तीन दिवस ज्या टोकदार शिखराच्या मागे लागलो होतो ते याच फाइलमध्ये स्पष्ट दिसत होतं. चेंबरमधल्या कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्याचं होतं ते.