चरबीची गाठ असे लिहिण्यापूर्वी

शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी मनगट आणि कोपर यांच्या मधोमध लिंबाएवढी गाठ असलेल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. गाठ मऊ आणि जुनी होती; दुखते का, असे विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या आणि मी कागदावर ‘लायपोमा’, म्हणजे चरबीची गाठ, असे लिहिले. जागा बधिर करून छेद घेतला, तेव्हा पिवळ्या चरबीऐवजी फिकट, गुळगुळीत गाठ आणि तिच्या आवरणावर पसरलेले मज्जातंतूचे धागे दिसले. मी हात थांबवून वरिष्ठांना बोलावले. त्यांनी भिंगाखाली धागे बाजूला सारून गाठ अलगद सोडवली. ती श्वानोमा होती, म्हणजे मज्जातंतूला वेढणाऱ्या श्वान पेशींची निरुपद्रवी गाठ. कळशी कडेवर घेतली की अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात, हे मावशींनी नंतर सांगितले, कारण मी फक्त दुखण्याबद्दल विचारले होते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी मुंग्यांबद्दल आवर्जून विचारावे. मज्जातंतूची गाठ आडवी हलते, परंतु त्याच्या लांबीच्या दिशेने सहसा हलत नाही. तिच्यावर बोटाने हलके ठोकल्यास झिणझिण्या पुढे जातात, मात्र त्या आल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. लायपोमाची कड बोटाखालून निसटते. शंका असल्यास सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना गाठीच्या दोन्ही टोकांना मज्जातंतू जोडलेला आहे का, हे पाहण्यास स्पष्टपणे सांगावे. एमआरआयमध्ये चरबीकडून येणारा संकेत यंत्राद्वारे दाबून टाकल्यावर लायपोमा काळा पडतो, श्वानोमा मात्र उजळ राहतो.

या कसोटीला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फायब्रोलिपोमॅटस हॅमार्टोमा या दुर्मीळ विकारात चरबी खरोखरच असते, पण ती मज्जातंतूच्या आत, बहुधा मनगटातून तळहाताकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्ह या मज्जातंतूमध्ये, धाग्यांच्या मधोमध वाढते आणि एमआरआयच्या आडव्या छेदात केबलमधील तारांसारखे चित्र दिसते. ती चरबी कापून काढण्याच्या प्रयत्नात बोटांची संवेदना कायमची जाऊ शकते, त्यामुळे त्रास असल्यास मनगटातील दाब मोकळा करण्यावरच सहसा भर दिला जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली श्वानोमात दाट आणि विरळ असे दोन प्रकारचे भाग दिसतात. स्वीडिश मज्जातंतुतज्ज्ञ निल्स अँटोनी यांनी 1920 मध्ये वर्णिलेले हे भाग आणि श्वान पेशींत आढळणाऱ्या एस-100 या प्रथिनाच्या रंगचाचणीचा ठळक प्रतिसाद यांवरून निदान पक्के होते. जुन्या गाठीतील पेशींची केंद्रके विचित्र दिसून कर्करोगाचा भास होऊ शकतो, म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर गाठ किती वर्षांची आहे आणि कोणत्या मज्जातंतूवर होती, हे मी आता स्वतःच्या हाताने लिहितो.